वेळेत न विचारलेला प्रश्न

बँकेत असताना खातेदारांना एक प्रश्न विचारताना मला नेहमी अवघडल्यासारखे व्हायचे. ‘नॉमिनी कुणाला लावायचा?’ समोरचा गृहस्थ कधी हसून टाळायचा, तर कधी म्हणायचा, ‘साहेब, एवढ्यात मारता की काय आम्हाला?’ तरी मी विचारायचो. तो प्रश्न वेळेत न विचारल्यामुळे पुढे कुटुंबांचे कसे हाल होतात, हे मी टेबलाच्या अलीकडून पाहिले होते. आयुष्यभर परक्यांना असे विचारत आलेला हा माणूस घरच्या मुलीची वेळ आली तेव्हा मात्र गप्प बसला.

२०१६ साली माझ्या भाचीला स्तनाचा कर्करोग झाल्याचे कळले. वय अठ्ठावीस, लग्न व्हायचे होते. शस्त्रक्रिया झाली. केमोथेरपी सुरू व्हायला तीन आठवडे अवकाश होता. डॉक्टरांनी ताईला बाजूला घेऊन विचारले, ‘पुढे मूल हवे असेल तर आत्ताच स्त्रीबीजे गोठवून ठेवता येतील. ठेवायची का?’ ताईने माझ्याकडे पाहिले. आम्ही दोघांनी पाच मिनिटांत निकाल लावला. आधी पोरगी जगू दे, लग्नाचा पत्ता नाही आणि ही कसली चर्चा? ‘नको’ म्हणून कळवून टाकले. तिच्या कानावरही घातले नाही.

ती बरी झाली. पण पाळी परत आली नाही. दोन वर्षांनी जुनी फाईल चाळताना तिला त्या ‘नको’ची नोंद सापडली. ती चिडली नाही, रडली नाही. एवढेच म्हणाली, ‘मामा, तुम्ही नाही म्हणालात याचं काही नाही. मीसुद्धा कदाचित नाहीच म्हटलं असतं. पण मला विचारलं का नाही?’

या प्रश्नाला माझ्यापाशी उत्तर नव्हते. नंतर मी वाचत गेलो, जाणकारांना विचारत गेलो. मुलगी जन्माला येते तेव्हा तिच्या शरीरात सुमारे १० ते २० लाख स्त्रीबीजे असतात. पुढे हा साठा फक्त घटत जातो, त्यात भर पडत नाही. सायक्लोफॉस्फामाइडसारखी कर्करोगावरची काही औषधे हाच साठा झपाट्याने कमी करतात. ती सुरू होण्याआधी साधारण १० ते १४ दिवस इंजेक्शने देऊन बीजे वाढवतात, गुंगी देऊन सुईने बाहेर काढतात आणि द्रवरूप नायट्रोजनमध्ये उणे १९६ अंशांवर ठेवतात. स्त्रीबीजात पाणी फार; सावकाश गोठवले तर बर्फाचे स्फटिक त्याला फाडतात. अतिशीघ्र गोठवण्याची रीत आली आणि ही अडचण बरीचशी दूर झाली. अमेरिकेतील तज्ज्ञांच्या संस्थेने २०१२ मध्ये या उपचारावरचा ‘प्रायोगिक’ हा शिक्का काढला. इंजेक्शनांमुळे संप्रेरके वाढतील, ही स्तनाच्या कर्करोगात वाटणारी भीतीही रास्तच. ती पातळी खाली ठेवण्यासाठी लेट्रोझोल नावाचे औषध सोबत देतात. म्हणजे आमच्या हाती असलेले तीन आठवडे पुरेसे होते.

‘ही सगळी परदेशी थेरं’ असेही काहीजण म्हणतात. पण गर्भ गोठवून मग तो आईच्या पोटात वाढवण्याचे काम कलकत्त्याच्या डॉ. सुभाष मुखोपाध्याय यांनी १९७८ मध्येच केले होते. त्यांचे ऐकून घेतले गेले नाही. १९८१ मध्ये त्यांनी आत्महत्या केली. मुंबईत १९८६ साली जन्मलेल्या टेस्ट ट्यूब बाळामागचे शास्त्रज्ञ टी. सी. आनंदकुमार यांनीच पुढे त्यांची कागदपत्रे अभ्यासून १९९७ मध्ये पहिलेपणाचा मान त्यांना देऊ केला.

दिल्ली उच्च न्यायालयाचा ऑक्टोबर २०२४ मधला एक निकाल वाचकांना आठवत असेल. कर्करोग झालेल्या एका अविवाहित तरुणाने २०२० मध्ये केमोथेरपीपूर्वी आपले वीर्य गोठवून ठेवले होते. तो त्याच वर्षी गेला. ते वीर्य आईवडिलांना द्यावे, असा आदेश न्यायालयाने दिला, कारण त्या मुलाची संमती होती. हे वाचताना मला आमच्या घरचा तो दिवस आठवला. त्याचेही लग्न झालेले नव्हते. पण त्याला विचारले गेले होते. भाचीच्या जागी भाचा असता, तर वंशाच्या काळजीने का होईना, आम्ही त्याला विचारले असते, हे मला मान्य करावे लागेल.

आता उलट बाजू. हल्ली निरोगी, नोकरी करणाऱ्या मुलींनाही ‘बीजे ठेवा, निर्धास्त व्हा’ असे सांगितले जाते. एका जुन्या बँकवाल्याचे ऐका, ही मुदत ठेव नव्हे. इथे मुद्दलाचीही हमी नाही. गोठवलेले प्रत्येक बीज पुन्हा तगत नाही, तगलेले प्रत्येक फळत नाही, आणि पस्तिशीनंतर ठेवलेल्या बीजांकडून अपेक्षा कमीच ठेवावी लागते. वर इंजेक्शनांचा खर्च आणि दरवर्षीचे भाडे. २०२१ च्या कायद्याने एकट्या स्त्रीलाही हा मार्ग मोकळा आहे. पण उपचार घेण्याला वयाची पन्नाशी ही मर्यादा आहे. गोठवलेला गर्भ दहा वर्षांपेक्षा जास्त ठेवता येत नाही. शिवाय बीज एकटीचे असते, गर्भ दोघांचा. उद्या नाते तुटले तर प्रश्न उभा राहतो. हेही तिला आधीच सांगायला हवे.

म्हणून माझे म्हणणे एवढेच आहे. घरात कुणा तरुण मुलामुलीवर असा प्रसंग आला, तर पहिल्या केमोच्या आधी हा प्रश्न विचारा. आईला नव्हे, मामाला नव्हे, त्या मुलीला. शक्यतो आम्ही नातेवाईक खोलीबाहेर असताना. खर्च झेपणार आहे का, उपचार थांबवण्याइतका वेळ आहे का, हे डॉक्टरांनी तिला उघड सांगावे. ती ‘नको’ म्हणाली तर ते तिचे ‘नको’ असेल.

भाची आता त्याच रुग्णालयात दर शनिवारी जाते आणि नव्याने आजारी पडलेल्या मुलींशी बोलते. हा प्रश्न ती स्वतः काढते. तिने मला माफ केले आहे की नाही, हे मी अजून तिला विचारलेले नाही. या वेळी फार उशीर करून चालणार नाही.