चार्ज कुणाकडे आहे?

रात्रीचे अकरा वाजलेले. मेसची डाळ नेहमीप्रमाणे पातळ, दुसऱ्या दिवशी मशीन्सची ओरल, आणि अभ्यास सोडून आमच्या रूममध्ये विषय निघाला शाळेचा! सहा जण बसलो होतो. कोण कुठे शिकले याची मोजदाद केली तर सहापैकी चार जण झेडपीचे निघाले. मग मी सहज विचारले, "आता आपल्या घरातली पोरं कुठं शिकतात?" चौघांच्याही घरी एकच उत्तर. भाचा, पुतण्या, धाकटा भाऊ, सगळे तालुक्याच्या इंग्रजी शाळेत. पिवळी व्हॅन, टाय, बूट. "अरे, ती शाळा आता राहिली नाही," एक जण म्हणाला. "हेडमास्तर कोण आहे तेच कळत नाही."

हे वाक्य माझ्या डोक्यात राहिले. कारण गेल्या जूनमध्ये याच प्रश्नावरून आमच्या गावात शाळेला कुलूप लागले होते.

पाच वर्ग, ७४ मुले आणि शिक्षक दोन. त्यातले गुरुजी आठवड्यातून दोन दिवस कुठल्या ना कुठल्या मीटिंगला. उरलेल्या बाई पाचही वर्ग एकत्र घेऊन बसायच्या. पहिलीला 'क' गिरवायला लावायचा, तेवढ्यात पाचवीला भागाकार सांगायचा. शेवटी पालकांचा संयम सुटला. माझा दादा सगळ्यात पुढे. "ठोकलं कुलूप! आता येऊ दे साहेबाला," असे त्याने मला फोनवर मोठ्या अभिमानाने सांगितले. साहेब आले, महिन्याभरात शिक्षक देतो म्हणाले, कुलूप निघाले. शिक्षक काही आला नाही.

मग दादाने पुतण्याचा दाखला काढला. चौथीत जाणाऱ्या पोराला इंग्रजी शाळेत तिसरीत बसवले. वर्षाची फी २२ हजार, व्हॅनचे महिन्याला ९०० रुपये वेगळे. पुतणी मात्र दुसरीत, त्याच झेडपीच्या शाळेत राहिली. का, म्हणून विचारले तर दादा म्हणाला, "दोघांची फी कुठून आणू?" खरे आहे. पण व्हॅनमध्ये कोण बसणार आणि चालत कोण जाणार याची आमच्या घरात चर्चासुद्धा झाली नाही. ते ठरलेलेच होते!

दिवाळीच्या सुट्टीत घरी गेलो तेव्हा दोघांची परीक्षा घेतली. पुतणीला छोटी गोष्ट वाचायला दिली. अक्षरे ओळखते, पण शब्द जोडताना अडते. पुतण्याच्या वहीत इंग्रजी अक्षर मोत्यासारखे. अर्थ विचारला की गप्प. म्हणजे २२ हजारांत टाय आला, वाचन आले नाही.

हे आमच्याच घरातले आहे असे समजू नका. 'असर'च्या पाहणीत ग्रामीण भारतातल्या मुलांना दुसरीच्या पातळीचा उतारा वाचायला देतात. २०१८ मध्ये पाचवीतल्या साधारण निम्म्याच मुलांना तो वाचता आला. कोरोनानंतर २०२२ मध्ये हे प्रमाण ४३ टक्क्यांच्या आसपास घसरले आणि २०२४ मध्ये पुन्हा निम्म्याजवळ आले. यात खासगी शाळांतली मुलेही आहेत बरं का!

सुट्टी असूनही गुरुजी शाळेत भेटले. लॅपटॉप घेऊन कसली तरी ऑनलाइन माहिती भरत बसले होते. मी जरा तावातच विचारले, "गुरुजी, मुख्याध्यापक म्हणून तुमची काही जबाबदारी आहे की नाही?" ते चिडले नाहीत. हसून म्हणाले, "अरे, मी कुठला मुख्याध्यापक? माझ्याकडे नुसता चार्ज आहे."

त्या दिवशी मला जे कळले ते आपल्यापैकी फार थोड्यांना माहीत असेल. शिक्षण हक्क कायदा २००९ चा, अमलात आला १ एप्रिल २०१० पासून. त्याच्या परिशिष्टात कुठल्या पटाला किती शिक्षक हे लिहिलेले आहे. पहिली ते पाचवीच्या शाळेत ६० मुलांपर्यंत दोन शिक्षक, ६१ ते ९० ला तीन. आणि स्वतंत्र मुख्याध्यापक कधी? पट १५० च्या वर गेला तर! म्हणजे आमच्या ७४ मुलांच्या शाळेला मुख्याध्यापकाचे पदच नाही. जे शिक्षक सेवाज्येष्ठ त्यांच्या गळ्यात ही माळ. वर्गही त्यांनीच घ्यायचा, पोषण आहाराचा हिशोबही त्यांनीच ठेवायचा, यू-डायसची माहिती, आधार, शिष्यवृत्ती, टपाल, मीटिंग हेही त्यांनीच. शिवाय निवडणूक आणि जनगणना ही कामे शिक्षकांना देण्याची मुभा कायद्यातच आहे. आमच्या शाळेला तीन शिक्षक मंजूर आहेत, त्यातली एक जागा रिकामी.

"मग तुमच्यावर कोण?" मी विचारले. वर केंद्रप्रमुख. आमच्या केंद्राचे पद रिकामे, शेजारच्या केंद्राच्या साहेबांकडे चार्ज. त्यांच्यावर गटशिक्षणाधिकारी. त्या खुर्चीचाही चार्जच! मित्रांनो, मी विद्युत शाखेचा विद्यार्थी. खालपासून वरपर्यंत सगळीकडे नुसता चार्ज आणि करंट कुठेच नाही, असे सर्किट मी पहिल्यांदाच पाहिले.

याचा अर्थ सगळा दोष व्यवस्थेचा आणि शिक्षक म्हणजे देवमाणसे, असे मला म्हणायचे नाही. उशिरा येणारे, लवकर जाणारे, कागदोपत्री गावात राहणारे आणि प्रत्यक्षात तालुक्याहून ये-जा करणारे शिक्षक आपण सगळ्यांनी पाहिले आहेत. एक वर्ग सोडून दुसऱ्या वर्गात मोबाईल बघणारेही पाहिले आहेत. पालकांचा राग खोटा नाही. पण अशा शिक्षकाला विचारणार कोण? त्याच्या शेजारी बसून तेवढेच तास घेणारा, कालपर्यंत त्याच्या बरोबरीचा असलेला प्रभारी? की वीस-पंचवीस किलोमीटरवरचा दुसरा प्रभारी? ज्याच्याकडे अधिकार नाही आणि वेळही नाही, त्याच्याकडून नेतृत्वाची अपेक्षा करणे म्हणजे फ्यूज उडालेल्या लाइनवर मोटार लावून पाणी येईना म्हणून पंपाला शिव्या देणे.

आता दुसरी बाजू, म्हणजे आपली. पालकांचा राग कशात निघतो? एक तर कुलपात, नाहीतर दाखल्यात. कुलूप दोन दिवस टिकते. दाखला मात्र कायमचे नुकसान करतो, कारण पदे पटावर अवलंबून आहेत. दहा मुले गेली की एक शिक्षक जाऊ शकतो. शिक्षक गेला की शिकवणे आणखी बिघडते. मग आणखी दहा जातात. कंट्रोल सिस्टीमच्या सरांनी पॉझिटिव्ह फीडबॅक शिकवला तेव्हा मला आमची शाळाच आठवली. अशी सिस्टीम आपोआप स्थिर होत नाही, ती कोसळते. २०२३ मध्ये सरकारने वीस किंवा त्याहून कमी पटाच्या शाळांची माहिती काढली तेव्हा अशा शाळा १४ हजारांहून अधिक निघाल्या, आणि त्या एकत्र करून समूह शाळा करण्याचा विचार पुढे आला. त्यातल्या काही वस्तीच लहान म्हणून लहान आहेत. पण काही आपण लहान केल्या आहेत.

आणि यात सगळ्यात वाईट काय होते? आधी कोण बाहेर पडतो? ज्याला फी परवडते, ज्याला साहेबासमोर बोलता येते, जो कुलूप ठोकायला पुढे असतो, तो. मागे राहतात मजुरांची मुले आणि आमच्या पुतणीसारख्या मुली. म्हणजे तक्रार करू शकणारा माणूस निघून जातो आणि ज्याची तक्रार कुणी ऐकत नाही तो तिथे उरतो.

मग उपाय काय? कायद्यातच एक जागा आहे, कलम २१, शाळा व्यवस्थापन समिती. तिच्यात किमान तीन चतुर्थांश सदस्य पालक असले पाहिजेत, निम्म्या महिला असल्या पाहिजेत. शाळेच्या कामकाजावर लक्ष ठेवणे, शाळेचा विकास आराखडा करणे, आलेल्या निधीचा खर्च पाहणे, हे तिचे काम. आपल्याकडे अध्यक्ष पालकांमधलाच असतो आणि मुख्याध्यापक किंवा प्रभारी हा सचिव. म्हणजे मुख्याध्यापकाचे पद नसले तरी शाळेला विचारणारे कुणी नाही असे नाही. विचारणारे आपणच आहोत!

गुरुजींनी मला समितीची यादी दाखवली. त्यात पाचवे नाव वाचून मी गारच पडलो. आमच्या वहिनीचे नाव होते! घरी येऊन विचारले तर वहिनी म्हणाली, "हां, दर महिन्याला एक पोरगं रजिस्टर घेऊन येतं. मी सही करते. कशाची असते ते नाही विचारलं कधी." दादा समोरच बसला होता. ज्याने शाळेला कुलूप ठोकले, त्याच्या घरात त्या शाळेच्या कारभाराची सही होती. दोन वर्षे! तो काही बोलला नाही. चहा पीत राहिला.

काही जण म्हणतील, असल्या समित्यांनी काय होते? सोलापूर जिल्ह्यातल्या परितेवाडीच्या रणजितसिंह डिसले गुरुजींना २०२० चे ग्लोबल टीचर प्राइज मिळाले तेव्हा आपण सगळ्यांनी स्टेटस ठेवले होते. पण असा एखादा गुरुजी भेटेल म्हणून गावोगाव वाट बघत बसायची का? आणि भेटला, तरी त्याची बदली झाली की पुढे काय? शिरूर तालुक्यातल्या वाबळेवाडीची शाळा नावारूपाला आली ती शिक्षकांमुळे खरीच, पण तिथे गावानेही शाळेसाठी जमीन आणि पैसा उभा केला होता. धडाडीचा शिक्षक आणि मागे उभे राहिलेले पालक, दोन्ही लागतात. पहिला नशिबाने मिळतो. दुसरे आपल्या हातात असते.

गणवेशाचेच उदाहरण घ्या. २०२४-२५ मध्ये सरकारने समित्यांकडून ते काम काढून राज्यपातळीवर नेले. अनेक शाळांत गणवेश उशिरा आले, काही ठिकाणी मापात बसेनात. शेवटी निर्णय बदलून ते काम पुन्हा समित्यांकडे आले. गावातल्या पोराचे माप गावातल्याच माणसाला माहीत असते, एवढी ही साधी गोष्ट आहे.

आणि ही मागणी काही नवी नाही. १८८२ मध्ये हंटर आयोगापुढे महात्मा फुल्यांनी निवेदन दिले. सरकारचा पैसा वरच्या शिक्षणावर जातो आणि तो देणारा शेतकरी अडाणीच राहतो, प्राथमिक शिक्षणाकडे आधी बघा, असा त्यांचा आग्रह होता. शिक्षक चांगले हवेत, त्यांना पगार चांगला हवा, हेही त्यांनी मांडले होते. आपण ज्या वसतिगृहात बसून हे वाचतो आहोत, ते वरच्या शिक्षणाचेच घर आहे. विचार करा.

आता पुढची हकीकत. नोव्हेंबरच्या सभेला वहिनी गेली. पहिल्यांदाच. तिच्या आग्रहावरून आणखी तिघी गेल्या. मी फोनवर तिला फक्त दोन गोष्टी सांगितल्या होत्या. एक, रिकाम्या जागेबद्दल ठराव लिहून घ्या, गटशिक्षणाधिकाऱ्यांना पाठवा आणि पोच मागा. दुसरी, वर्गात किती मुलांना वाचता येते ते दर महिन्याला सभेत सांगायला लावा. तिसरी गोष्ट तिने स्वतःच्या डोक्याने केली. "गुरुजी मीटिंगला गेले की बाई एकट्या पडतात, त्या दिवशी आम्ही दोघी-तिघी येऊन पोरांना वाचायला बसवू का?" असे तिने विचारले. वहिनी दहावी आहे. बाई चटकन हो म्हणाल्या.

शिक्षक अजून आलेला नाही. ठरावाची पोच आली आहे, उत्तर नाही. तेव्हा सगळे सुरळीत झाले असे मी सांगणार नाही. पण परवा पुतणीने मला फोनवर एक अख्खी गोष्ट वाचून दाखवली. दोनदा अडली, तरी पूर्ण केली. दादा मागून म्हणाला, "हिचं वाचन त्याच्यापेक्षा बरं झालंय." पुतण्याला परत आणायचे का, यावर घरात अजून वाद चालू आहे.

मित्रांनो, सबमिशन संपले की आपण सगळे गावी जाणार. दोस्तांबरोबर पारावर बसून शाळेला नावे ठेवण्याआधी एवढे करा. आपल्या शाळेच्या समितीत कोण आहे ते विचारा. आपल्याच घरातले कुणी असेल, सांगता येत नाही! घरातल्या किंवा शेजारच्या पोराला एक उतारा वाचायला द्या. आणि पुढच्या सभेची तारीख विचारून घरच्यांना तिथे पाठवा. आपल्या कॉलेजमधल्या सरांना आणि मॅडमनाही हीच विनंती, कारण त्यांच्यातलेही अनेक जण झेडपीच्याच शाळेतून इथवर आले आहेत.

पद मंजूर होईल तेव्हा होईल, त्यासाठी भांडायलाच हवे. तोवर शाळेचा चार्ज कुणाकडे आहे असे कुणी विचारले, तर आमच्या घरापुरते उत्तर मला माहीत आहे. थोडासा का होईना, वहिनीकडे आहे.

– तृतीय वर्ष, विद्युत अभियांत्रिकी