खाजण पडीक नव्हे!

ओहोटीला ठाण्याच्या खाडीत जो काळा चिखल उघडा पडतो, त्याला विकासाच्या नकाशात किंमत नसते. भराव पडताच मात्र त्याच जागेचा भाव चौरस फुटाने बोलला जातो. ‘पडीक’ हा शब्दच या लुटीची पहिली पायरी आहे.

वस्तुतः ही भूमी अहोरात्र राबत असते. तिवरांची पाने गळून कुजतात, त्यांवर सूक्ष्म जीव पोसतात, त्या जीवांवर कोळंबी आणि चिंबोऱ्या. मुळांच्या जाळ्यात माशांची पिले दडून वाढतात. पाणी ओसरले की उत्तरेच्या थंड मुलखातून आलेले पक्षी या पानावर बसतात. आखूड चोचीचा चिखल्या वरवरचे किडे टिपतो, लांब चोचीचे पक्षी खोल गाळातले कृमी ओढून काढतात, रोहित उलट्या चोचीने पाणी गाळून शेवाळ खातो. (रोहितांची गर्दी हे खाडीच्या शुद्धतेचे प्रशस्तिपत्र मात्र नव्हे; शहराच्या मैल्यावरही शेवाळ फोफावते.) भरती आली की हेच थवे विसाव्यासाठी नवी मुंबईच्या पाणथळींकडे वळतात. त्या बुजवल्या तर खाडीतले अभयारण्य अर्धेच उरेल.

राज्यकर्त्यांचे पक्षिप्रेम मात्र अभयारण्याच्या फलकापाशीच थांबते. २०१५ मध्ये अभयारण्य घोषित झाले, २०२२ मध्ये खाडी रामसर यादीत गेली. आणि त्याच वर्षाच्या डिसेंबरात बुलेट ट्रेनसाठी मुंबई, ठाणे व पालघर जिल्ह्यांतील सुमारे वीस हजार तिवरे तोडण्यास उच्च न्यायालयाची अनुमती मिळाली. तिवरांचा संहार हा जगण्याच्या हक्काचा भंग होय, असा निर्वाळा याच न्यायालयाने २०१८ मध्ये दिला होता! २०१९ च्या किनारा अधिसूचनेने तर दाट वस्तीच्या ग्रामीण किनाऱ्यावरील बांधकामबंदीचा पट्टा २०० मीटरांवरून ५० मीटरांवर आणला.

‘आधी माणूस, मग पाखरे’ असे म्हणणारे पुरोगामी कार्यकर्तेही कमी नाहीत. या मंडळींनी ओहोटीला खाडीवर जावे. ज्या गाळात पक्षी चोच खुपसतो, त्याच गाळात कोळीण कालवे आणि तिसऱ्या वेचते. भराव दोघांचेही अन्न हिरावतो. पक्षी निदान दुसरा किनारा शोधू पाहतो. चिखलाचा सातबारा नावावर नसलेल्या त्या बाईपाशी नुकसानभरपाई मागायला कागददेखील नसतो. मच्छीमारांच्या मोर्चाच्या निवेदनात घर आणि जाळे यांच्या जोडीला खाजण आणि पाणथळी यांची मागणी लिहिली जाईल, तेव्हाच तिची बाजू पुरती मांडली जाईल.