हिशेब उघडा ठेवा

पैसे लावून खेळल्या जाणाऱ्या ऑनलाइन खेळांवर बंदी घालणारा कायदा ऑगस्ट २०२५मध्ये संसदेत मंजूर झाला, त्या दिवशी रात्री वहिनीचा फोन आला. "आता तरी थांबेल का हो, वन्सं?" एवढंच तिने विचारलं. मी उभी हयात बँकेच्या नोकरीत काढलेली बाई. कायदा वाचून तिला खरं तेच सांगितलं. खेळ चालवणाऱ्याला तीन वर्षांपर्यंत कैद आणि एक कोटीपर्यंत दंड होऊ शकतो, जाहिरात करणाऱ्यालाही शिक्षा आहे. खेळणाऱ्याला मात्र या कायद्याने गुन्हेगार धरलेलं नाही, आणि ते योग्यच झालं. पण खेळणाऱ्याला पुन्हा घरात कसं आणायचं, याचं कलम कुठल्याच कायद्यात नसतं. ते आपल्यालाच बघावं लागतं.

कायद्याचं मी मनापासून स्वागत करते. रमी हा मुख्यतः कौशल्याचा खेळ, असं सर्वोच्च न्यायालयाने १९६७ साली म्हटलं होतं. त्याच आधारावर कंपन्यांनी पुढे मोबाइलमध्ये दुकानं थाटली. नव्या कायद्याने कौशल्य की नशीब हा वादच बाजूला ठेवला. पैसे लावले की खेळ बेकायदा. आमच्या घरापुरता हा वाद कधी नव्हताच. भाचीच्या डिप्लोमाची फी गेली ती गेली, कौशल्याने गेली की नशिबाने, याने तिला काय फरक पडणार होता?

दादा माझा थोरला भाऊ. सांगलीत हळदीच्या अडतीवर दिवाणजी होता. अक्षर मोत्यासारखं, हिशेब बिनचूक. व्यापारी त्याच्या खतावणीवर डोळे झाकून विश्वास ठेवायचे. दुपारी चहाच्या टपरीवर आकडा लावायची सवय लागली तेव्हा ती कुणाला सवय वाटलीच नाही, कारण टपरीवरचे सगळेच लावत होते. मटक्याचा हिशेब तसा कुणालाही कळेल असा आहे. एक आकडा लागला तर रुपयाला नऊ रुपये, जोडी लागली तर नव्वद. आकडे दहा आणि जोड्या शंभर. शंभर जोड्यांवर रुपया-रुपया लागला तर शंभर जमतात, नव्वद परत जातात आणि दहा चालवणाऱ्याच्या खिशात राहतात. तेच नव्वद पुन्हा लावले की एक्याऐंशी होतात, आणखी एकदा फिरवले की त्र्याहत्तरच्या आत येतात. आयुष्यभर दुसऱ्यांची बेरीज-वजाबाकी करणाऱ्या दादाला हे कळत नव्हतं असं मी कधीच मानणार नाही. त्याला सगळं कळत होतं. पण "एका आकड्याने हुकलं" ही एकच गोष्ट त्याच्या डोक्यात घर करून बसली होती. हुकलेला डाव त्याला हरलेला वाटायचाच नाही, थोडक्यात राहिलेला वाटायचा. पुढे हातात फोन आला. टपरी निदान रात्री बंद व्हायची, फोनवरची रमी पहाटे तीनलाही सुरू असायची.

बँकेत मी बरीच वर्षं सोनेतारणाच्या खिडकीवर होते. तिथे बसून माणसं ओळखता येतात. पेरणीसाठी पैसे हवे असतील तर नवरा-बायको दोघं येतात, बाई स्वतःच्या हाताने पाटल्या काढून देते आणि पावती नीट घडी करून कमरेच्या पिशवीत ठेवते. जुगारी माणूस एकटा येतो. दागिना रुमालात बांधलेला असतो, वजन किती भरलं याकडे त्याचं लक्ष नसतं, आणि पैसे कधी हातात पडतील हे तो पुन्हा पुन्हा विचारतो. वहिनीच्या पाटल्या दुसऱ्या एका शाखेत अशाच गेल्या.

जुगाराने घरातले पैसे जातात हे सगळ्यांना माहीत आहे. त्याच्याही आधी काय होतं, तर घरातला पैसा लपायला लागतो. वहिनी पाचशेची नोट चार घड्या घालून तांदळाच्या डब्यात तळाशी पुरायची. भाची शिष्यवृत्तीचं पासबुक मैत्रिणीच्या घरी ठेवायची. दादा पगाराचा आकडा कमी सांगायचा. आम्ही भावंडं हे सगळं आईपासून लपवायचो, आणि आई शेजारच्यांपासून. पैसा लपला की त्यामागोमाग माणसंही एकमेकांपासून लपतात. फोन आला की दुसऱ्या खोलीत जायचं, दाराची कडी वाजली की दचकायचं, जेवताना कुणी कुणाकडे बघायचं नाही. आमच्या घरात मोठं भांडण कधी झालंच नाही. हळूहळू बोलणं आटत गेलं.

मग येतं कर्ज फेडणं. भावाची अब्रू ती आपली अब्रू, म्हणून नातेवाईक चूपचाप पैसे जमवतात. दर वेळी ते शेवटचं असतं, दर वेळी देवासमोर शपथ होते. महाभारतातल्या द्यूताची गोष्ट आपण द्रौपदीच्या अपमानापाशी थांबवतो, पण तिचा पुढचा भाग मला जास्त महत्त्वाचा वाटतो. धृतराष्ट्राने धर्मराजाला राज्य, धन, भाऊ, सगळं काही परत दिलं. पांडव इंद्रप्रस्थाच्या वाटेला लागले. वाटेतच पुन्हा खेळायचं बोलावणं आलं, आणि ज्याला धर्माचा राजा म्हणायचं तो माघारी फिरून पुन्हा पटावर बसला. वनवास मिळाला तो त्या दुसऱ्या डावात. हरलेलं सगळं परत मिळालं तरी जुगारी थांबत नाही, हे व्यासांनी लिहून ठेवलं आहे. त्याला मिळालेला पैसा म्हणजे त्याच्या लेखी पुढच्या डावाचं भांडवल असतं.

फीचे पैसे गेले तेव्हा भाची दादाला एवढंच म्हणाली, "बाबा, मला आता तुमची शपथसुद्धा नको." तिने त्याचा नंबर ब्लॉक केला. वहिनी तिला घेऊन माहेरच्या वाड्यातल्या दोन खोल्यांत राहायला गेली. दादा मिरजेत एक खोली घेऊन राहतो, छोटंमोठं लिहिण्याचं काम करतो. भाऊबीज बंद झाली. ऋग्वेदाच्या दहाव्या मंडलात जुगाऱ्याचं एक सूक्त आहे, चौतिसावं. बायको दुरावलेली, सासू तुच्छ लेखणारी, आईवडील आणि भाऊ ओळख नाकारणारे, असं सगळं त्यात आहे. तीन हजार वर्षांपूर्वीच्या घरातही हेच घडत होतं हे वाचून माझं दुःख काही कमी झालं नाही, पण आमच्याच घराला काही शाप लागला आहे, हा आईचा समज मात्र मी ते वाचूनच दूर करू शकले.

आता मला एका मेळ्याबद्दल सांगायचं आहे, कारण गेली काही वर्षं मला सगळ्यांत निर्मळ आनंद तिथेच मिळाला आहे. आमच्याकडे कर्णबधिर मुलांची एक शाळा आहे. थंडीत एका रविवारी शाळेच्या मैदानावर मदतीसाठी आनंदमेळा भरतो. यंदाचा होता वसतिगृहाच्या छपरावर बसवायच्या सोलर बंबासाठी. फाटकातून आत शिरताच पहिला दिसतो तो फळा. गेल्या वर्षी किती जमले, गाद्यांवर किती गेले, श्रवणयंत्रांच्या दुरुस्तीवर किती, शिल्लक किती, सगळं खडूने लिहिलेलं. लोक थांबून तो वाचतात, कुणी शंका विचारली तर शिक्षिका पावत्यांची फाइल उघडून दाखवते. मग दहा-दहा रुपयांच्या कुपनांची पट्टी घ्यायची आणि मैदानात फिरायचं. उरलेली कुपनं जाताना पेटीत टाकायची.

मुलांनी केलेले आकाशकंदील, कापडी पिशव्या, रंगवलेल्या पणत्या, पालकांचे खाण्याचे गाळे. आणि खेळ. रिंग टाकून वस्तू जिंकायच्या गाळ्यावर दहा-अकरा वर्षांचा एक मुलगा होता. कुपन घेऊन त्याने मला तीन बोटं दाखवली आणि तीन रिंगा हातात दिल्या. पहिली रिंग टाकताना माझा पाय रेघेपुढे गेला. त्याने खाली बसून खडूच्या रेघेवर दोनदा हात आपटला, माझा पाय मागे सरकवला आणि रिंग परत आणून दिली. तिसऱ्या रिंगेला मला अंगाचा साबण मिळाला. तेव्हा आजूबाजूच्या मुलांनी दोन्ही हात वर करून पंजे हलवले. ही त्यांची टाळी. ऐकू येणारी माणसंही त्या मैदानावर अशीच टाळी देतात. एवढ्या माणसांचे हात हवेत हललेले पाहून मला जो आनंद झाला त्याची किंमत दहा रुपये होती, आणि ते परत येणार नाहीत हे मला आधीपासून ठाऊक होतं.

जुगार आणि मेळा यांच्यात मला फरक दिसतो तो इथे. मेळ्यात पैसा हातातून सुटतो तेव्हाच तो कुठे चालला आहे हे आपल्याला माहीत असतं. गेलेलं वसूल करायला दुसऱ्या दिवशी कुणी येत नाही. संध्याकाळी मांडव उतरतो, उधारी नसते, आणि सगळं चारचौघांत होतं.

वहिनीचा तिथे थालीपीठ-लोणी-खरड्याचा गाळा असतो. भाची तवा सांभाळते. संध्याकाळी खजिनदार टेबल मांडून बसतात आणि एकेका गाळ्याचा हिशेब घेतात. वहिनीने स्टीलचा डबा टेबलावर पालथा केला, कुपनं दहा-दहांच्या गड्ड्यांत लावली आणि मोठ्याने मोजायला लागली. आजूबाजूला माणसं उभी होती, कुणी बघतंय म्हणून तिचा आवाज खाली आला नाही. आकडा जुळला, तिने वहीत सही केली आणि पदराला हात पुसून मला म्हणाली, "वन्सं, असं मोजायला किती बरं वाटतं!" घरात तांदळाच्या डब्यात नोट पुरणारी ती हीच बाई.

त्या मेळ्यात हाउजीही असते. आकडे पाट्यांवर लिहून उंच धरले जातात, म्हणजे मुलांनाही खेळता येतं. बक्षीस कुकरचं. भाची त्या वेळी मैदानाच्या दुसऱ्या टोकाला निघून जाते. आकड्यांकडे डोळे लावून बसलेली माणसं तिला बघवत नाहीत, आणि तिची ती भावना आयोजकांनी समजून घ्यायला हवी. लहान बक्षिसाची, एकदाच होणारी हाउजी मला गैर वाटत नाही. पण मदतीच्या नावाखाली दुचाकी, मोटार बक्षीस ठेवून तिकिटं खपवायची, एकेका माणसाला वीस-वीस घ्यायला लावायची, ही प्रथा सरसकट बंद झाली पाहिजे. एका घराचं भलं करायला दुसऱ्या घरातला जुगार जागा करणं हा दानधर्म होऊ शकत नाही. सरकारलाही हे लागू आहे. आपल्याकडे जुगारबंदीचा कायदा १८८७पासून आहे आणि राज्याची लॉटरी १९६९पासून. गोव्यात मांडवीच्या पात्रात कॅसिनो उभे आहेत आणि २०२०पासून गोमंतकीयांना त्यांत खेळायला बंदी आहे. आपल्या माणसांना जे घातक म्हणून वर्ज्य केलं, ते शेजारच्यांच्या मुलांना विकायचं, हे मला पटत नाही.

ज्यांच्या घरात हे चालू आहे त्यांना मला दोन गोष्टी सांगायच्या आहेत. पहिली, हा आजार आहे. जागतिक आरोग्य संघटनेने २०२२पासून लागू केलेल्या आजारांच्या वर्गीकरणात जुगाराचं व्यसन नोंदलेलं आहे. त्यावर उपचार होतात, समुपदेशन होतं. पुण्यात १९८६ साली डॉ. अनिता आणि अनिल अवचटांनी मुक्तांगण सुरू केलं, त्यामागे पु. ल. देशपांड्यांची देणगी होती. व्यसनी माणसासाठी दान देण्याची परंपरा आपल्याकडे आहे. मेळे भरवणाऱ्यांनी एखादा गाळा समुपदेशकाला द्यावा, ही माझी सूचना आहे. थालीपीठ खाता खाता एखादी वहिनी तिथे थांबेल.

दुसरी गोष्ट, कर्ज फेडू नका आणि माणूस तोडू नका. ही दोन्ही कामं एकदम करणं अवघड आहे, पण करता येतं. दादाला मी स्पष्ट सांगितलं आहे की माझ्याकडून रोख रक्कम मिळणार नाही, डॉक्टरची फी मी परस्पर भरीन आणि जेवायला माझ्याकडे कधीही यावं. तो अधूनमधून येतो. पुढे काय होईल हे मी सांगू शकत नाही, आणि भाचीने त्याच्याशी बोलावं असा आग्रहही मी धरणार नाही. तो तिचा अधिकार आहे. पण आता आमच्यात कुणी कुणापासून आकडा लपवत नाही.

तुमच्या घरात तांदळाच्या डब्यात नोट पुरली जात असेल तर आज रात्री सगळ्यांना एकत्र बसवा आणि देणं किती, कुणाचं, हे कागदावर लिहून काढा. उद्या १४४१६ या टेलिमानस क्रमांकावर फोन करा. तो सरकारी आहे, मोफत आहे, चोवीस तास चालतो आणि तिथे मराठीत बोलता येतं.