क्ष धरा, साल काढा

शाळेच्या पुस्तकातली वयाची गणितं नेहमी निनावी असतात. आईचं वय मुलाच्या तिप्पट, मग दुप्पट. कोणाची आई, कोण जाणे! बुलढाणा जिल्ह्यातल्या गुरुजींनी तरी ती सिंदखेडराजातून उचलावीत. जिजाऊंचा जन्म १५९८ चा, शिवरायांचा १६३० चा. अंतर ३२ वर्षांचं, आणि वयं कितीही वाढली तरी ते बदलत नाही. सारी किल्ली तिथेच आहे. आई मुलाच्या तिप्पट वयाची कधी? मुलाचं वय क्ष धरा. क्ष अधिक ३२ बरोबर ३क्ष, म्हणून क्ष १६, साल १६४६. दुप्पट? क्ष ३२, साल १६६२. (महिन्यांचा फरक सोडून देऊ.) आता नातू घ्या. संभाजीराजे १६५७ चे, म्हणजे बापलेकांत २७ वर्षं. वडील मुलाच्या दुप्पट वयाचे कधी? समीकरण ठासून सांगतं, १६८४. पण शिवराय १६८० मध्येच गेले! आकडेमोड अचूक, तरी हे घडलंच नाही. उत्तर मूळ प्रश्नाला लावून बघायची सवय पोरांना लागते ती अशा उदाहरणानं, ‘ताळा करा’ असं फळ्यावर लिहून नव्हे. जाता जाता एक तुमच्यासाठी: आजीचं वय मुलगा आणि नातू यांच्या वयांच्या बेरजेइतकं कोणत्या साली भरतं? दोन ओळींत निघेल. फक्त जिजाऊंचं निधन १६७४ मध्ये झालं, हे उत्तर लिहिण्याआधी आठवा.