भागधारकांच्या सभेत आपला प्रश्न

कंपनीच्या वार्षिक सर्वसाधारण सभेशी आपला काय संबंध, असे आपल्यापैकी अनेकींना वाटते. मोर्चा, धरणे, कोर्टकचेरी हे आपले ओळखीचे मार्ग. पण अमेरिकेतील ई-बे कंपनीत काय घडले ते पाहा. स्त्री-पुरुषांच्या वेतनातील तफावत जाहीर करा, असा ठराव एका गुंतवणूक संस्थेने २०१५ साली भागधारकांपुढे मांडला. मते मिळाली जेमतेम ८ टक्के. २०१६ साली तोच ठराव पुन्हा आला आणि ५१ टक्के मतांनी मंजूर झाला. २०२१ मध्ये मायक्रोसॉफ्टमध्ये लैंगिक छळाच्या तक्रारींबाबत अहवाल मागणाऱ्या ठरावाला सुमारे ७८ टक्के मते पडली. असे ठराव कंपनीवर बंधनकारक नसतात. तरी दोन्ही कंपन्यांना पावले उचलावी लागली, कारण मागणारे मालकच होते.

आपल्याकडे वाट अवघड आहे. २०१३च्या कंपनी कायद्यानुसार भागधारकांना स्वतःचा ठराव आणायचा तर एक दशांश मतांचे बळ लागते. मात्र एकच शेअर असला तरी सभेत प्रश्न विचारता येतो. आणि विचारण्यासारखे आता बरेच आहे. जुलै २०२५ पासून संचालकांच्या अहवालात लैंगिक छळाच्या किती तक्रारी आल्या, किती निकाली निघाल्या, किती ९० दिवसांहून अधिक काळ रेंगाळल्या, हे द्यावे लागते. तिथे ‘शून्य’ लिहिलेले असेल तर विचारा: तक्रार समिती आहे हे कंत्राटी सफाई कामगार बाईला कोणी सांगितले आहे का?

या मार्गाच्या मर्यादाही ओळखायला हव्यात. इथे एक बाई एक मत नाही, एक शेअर एक मत आहे. हेच हत्यार वापरून नफ्यासाठी कामगारकपात करायला लावणारे बडे गुंतवणूकदारही आहेत. म्हणून युनियनला हा पर्याय नव्हे, जोड आहे.

पण हा पैसा सगळा परका नाही. भविष्य निर्वाह निधीचा काही हिस्सा २०१५ पासून शेअर बाजारात जातो. त्यात कामकरी बायकांचा घाम आहे. म्युच्युअल फंडांना एप्रिल २०२२ पासून प्रत्येक ठरावावर मत द्यावे लागते आणि ते जाहीरही करावे लागते. आपल्या पैशाच्या जोरावर आपल्या बाजूने मत पडले की विरोधात, एवढे विचारायला तरी आपण सुरुवात करू या.