जुना माल विकताना दोष झाकू नका

टर्बो गाडीचा जुना इलेक्ट्रॉनिक बूस्ट कंट्रोलर विकताना नुसता डिस्प्ले पेटवून दाखवणे आम्हाला पुरेसे वाटत नाही. हवेचा दाब आवरतो तो सोलेनॉइड व्हॉल्व्ह. तो अडकला तर वेस्टगेट वेळेवर उघडत नाही, दाब बेसुमार चढतो आणि गिऱ्हाइकाचे इंजिन जाऊ शकते.

प्रेषितांनी (स.) धान्याच्या राशीत हात घातला तेव्हा आत ओल लागली. ती लोकांना दिसेल अशी वर का ठेवली नाही, असे त्यांनी विक्रेत्याला विचारले.

व्यापारी बंधूंनो, आपणही व्हॉल्व्ह, सेन्सर, वायरिंग यांतील दोष सौद्याआधी सांगावा. जे तपासले नाही तेही बिलावर लिहावे. भाव थोडा उतरेल, पण कमाई हलाल राहील आणि धंद्यात बरकत होईल.