‘बॅकअप१’ कुठून आला?

घरच्या सर्व्हरवर एक दिवस ‘बॅकअप’च्या शेजारी ‘बॅकअप१’ नावाचा फोल्डर दिसतो. तुम्ही तो बनवलेला नसतो. हात आपोआप डिलीटकडे जातो. तिथेच थांबा.

माझ्याकडे काय झालं ते सांगते. कपाटातल्या जुन्या लिनक्स संगणकाला एक यूएसबी डिस्क जोडलेली आहे, तिचं नाव ‘बॅकअप’. रोज रात्री दोन वाजता बॅकअप चालतो. एका रात्री वीज गेली. संगणक परत सुरू झाला, पण यूएसबी डिस्क जोडली जाण्याआधीच दोन वाजले. प्रोग्रामला ‘बॅकअप’ ही जागा सापडली नाही, म्हणून त्याने ती स्वतःच बनवली, संगणकाच्या आतल्या डिस्कवर! नंतर यूएसबी डिस्क आली, तर तिचं नाव आधीच घेतलेलं. मग लिनक्सने तिला ‘बॅकअप१’ म्हणून जोडलं.

म्हणजे परका वाटणारा फोल्डर हीच माझी खरी डिस्क होती आणि ओळखीच्या नावाचा फोल्डर तोतया. पुढचे पाच आठवडे रोज ‘बॅकअप यशस्वी’ अशी नोंद होत राहिली आणि मूळ फाइल व तिची प्रत एकाच डिस्कवर साठत राहिल्या. त्यांत आजीच्या आवाजात रेकॉर्ड करून आणलेल्या जात्यावरच्या ओव्या होत्या. ती एक डिस्क बंद पडली असती, तर दोन्ही एकदम गेल्या असत्या.

याला ‘सेटिंग चुकलं’ म्हणून सोडून द्यावं, हे मला पटत नाही. जागा नसेल तर गुपचूप बनवणं ही एरवी सोय असेल, बॅकअपमध्ये तो दोष आहे. वेगळं वागणं शक्य नाही असंही नाही. डॉकरमध्ये ‘व्ही’ पर्यायाने दिलेला फोल्डर नसेल, तर तो बनवला जातो. ‘माउंट’ पर्यायाने दिला, तर डॉकर चूक दाखवून थांबतं. सेन्सर तुटलेला असताना शून्य नोंदवणारं उपकरण मी प्रयोगशाळेत ठेवणार नाही. मग घरी असा बॅकअप का चालवून घ्यावा?

तुमच्याकडे असा फोल्डर दिसला, तर आधी रात्रीचा बॅकअप बंद करा. काहीही पुसू नका. टर्मिनलमध्ये ‘डीएफ’ या आज्ञेपुढे फोल्डरचा पत्ता द्या; तो नेमका कोणत्या डिस्कवर आहे ते कळेल. तोतयामधल्या नव्या फाइली खऱ्या डिस्कवर कॉपी करा, उघडून पाहा, मगच तोतया काढा.

पुढच्यासाठी ‘एफएसटॅब’मध्ये यूयूआयडी देऊन डिस्कची जागा पक्की करा. पण तेवढ्याने भागत नाही. डिस्क जोडलेली नसली तरी तिच्या जागेचा रिकामा फोल्डर तिथे असतोच आणि बॅकअप त्यात खुशाल भरला जातो. म्हणून डिस्कवर एक छोटी खुणेची फाइल ठेवा. स्क्रिप्टने आधी ती शोधावी. सापडली नाही, तर थांबावं आणि तुम्हाला ईमेल पाठवावा.

आणि महिन्यातून एकदा तरी काहीतरी परत काढून बघा. मी पहिल्या रविवारी बॅकअपमधून एक ओवी काढून ऐकते. आजीचा आवाज आला, तरच बॅकअप झाला असं धरते.